रिसीव्हरचा दिवा लागतो, रेडिएटर मात्र गार: वायरलेस थर्मोस्टॅटची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. भिंतीवरचा जुना, वायरचा थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करायला सांगणारं उपकरण) काढून वायरलेस बसवला. आठ-दहा दिवस सगळं व्यवस्थित चाललं. मग एका पहाटे घर गार. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ज्योतीचं चिन्ह आहे, म्हणजे तो उष्णता मागतोय, पण बॉयलर, म्हणजे रेडिएटरचं पाणी तापवणारं यंत्र, ढिम्म. बॅटऱ्या काढून परत घातल्या की सुरू होतं. दोन दिवस गेले की पुन्हा तेच. काहींकडे नेमकं उलटं होतं: खोली हवी तेवढी तापली, थर्मोस्टॅटने ‘बंद’ म्हटलं, तरी रेडिएटर रात्रभर चटका बसेल इतके गरम.

आमच्याकडे हा त्रास जवळपास एक अख्खा हिवाळा चालला. शेवटी सापडलं ते असं, की एक नव्हे, दोन अर्धवट दोष एकमेकांना धरून होते, आणि प्रत्येक वेळी मी त्यातला एकच तात्पुरता बरा करत होतो. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांतल्या अशा तक्रारी पाहिल्या. दोष वेगवेगळे निघाले, पण शोधायची रीत प्रत्येक वेळी एकच कामी आली. तीच इथे लिहितोय. डोळ्यांसमोर २३० व्होल्टवर चालणारी, पाणी फिरवून रेडिएटर तापवणारी हीटिंग धरली आहे.

आधी सुरक्षेचं, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालतो म्हणून माणूस गाफील राहतो. त्याचा निरोप ऐकून बॉयलरला चालू-बंद करणाऱ्या रिसीव्हरच्या टर्मिनलवर मात्र पूर्ण २३० व्होल्ट असतात. हीटिंगचा सगळा सप्लाय सहसा एका फ्यूजवाल्या स्विचमधून येतो, त्यात बहुतेक ३ अँपिअरचा फ्यूज असतो. स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कुणी घाईत स्विच चालू करणार नाही. मग झाकण उघडून प्रत्येक टर्मिनल तपासा, न्यूट्रलच्या संदर्भात आणि अर्थिंगच्या संदर्भातही. तपासण्याआधी आणि नंतर मीटर चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय ना हे बघा. काही घरांत टायमर किंवा पंप दुसऱ्याच सर्किटवरून घेतलेला असतो, म्हणून ‘मेन बंद केलाय ना’ एवढ्यावर विसंबू नका. गॅस बॉयलरचं सीलबंद आवरण उघडणं हे त्याचा परवाना असलेल्या माणसाचंच काम. चालू सप्लायवर मोजमाप घेण्याचा सराव नसेल तर तेवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. कुठे काय मोजायचं हे तुम्हाला ठाऊक असेल तर त्याचाही वेळ वाचतो.

रिसीव्हर म्हणजे फक्त एक स्विच

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. थर्मोस्टॅट फक्त रेडिओवरून निरोप पाठवतो. रिसीव्हर तो ऐकतो आणि आतला रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, दाबतो किंवा सोडतो. उष्णतेशी, पाण्याशी, गॅसशी त्याचा थेट संबंध नाही.

रिसीव्हरच्या मागे सहसा पाच टर्मिनल असतात. एल आणि एन, म्हणजे फेज आणि न्यूट्रल, हे रिसीव्हरला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी. दिवा लागतो तो यांच्यावर. उरलेली तीन स्विचची: कॉम (सामायिक), एनओ (एरवी उघडं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). रिले सुटलेला असताना कॉम हे एनसीला जोडलेलं असतं, आणि उष्णता मागितली की ते तिथून सुटून एनओला जोडलं जातं. आपल्याला लागतात ती कॉम आणि एनओ.

पहिल्याच दिवशी होणारी सर्वात मोठी चूक इथेच आहे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हा स्विच ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ असतो. त्याच्यावर स्वतःचा सप्लाय नसतो, तो बाहेरून द्यावा लागतो. बॉयलर किंवा व्हॉल्व्ह २३० व्होल्टच्या स्विच केलेल्या फेजवर (स्विचमधून जाऊन येणाऱ्या फेजवर) चालणारा असेल तर एल पासून कॉम पर्यंत छोट्या वायरची लूप मारावी लागते. ही लूप राहिली की सगळं बरोबर दिसतं: दिवा लागतो, रिलेचा ‘टक’ आवाज येतो, थर्मोस्टॅटवर ज्योत दिसते. पण एनओ वर काहीच येत नाही, कारण स्विचने जोडायला पलीकडे फेजच नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि ती जास्त महागात पडते. काही बॉयलरांच्या थर्मोस्टॅट टर्मिनलवर बॉयलरचाच २४ व्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहूनही कमी सप्लाय असतो. तिथे कॉम आणि एनओ यांच्यामध्ये बॉयलरच्या फक्त दोन वायर यायला हव्यात. एल-कॉम लूप असेल तर सप्लाय चालू करताच २३० व्होल्ट थेट बॉयलरच्या सर्किट बोर्डात घुसतात आणि बोर्ड जळतो. ओपनथर्मच्या (थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांच्यातल्या डिजिटल संवादाच्या पद्धतीच्या) दोन वायरींचंही तेच. त्या कमी व्होल्टेजच्या असतात, त्यांची अदलाबदल झाली तर काही बिघडत नाही, पण मेनचा सप्लाय त्यांना अजिबात सोसत नाही. म्हणून लूप मारण्याआधी बॉयलरच्या पुस्तिकेतलं वायरिंगचं चित्र उघडून त्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत हे वाचा. ‘मागच्या घरी असंच केलं होतं’ हा आधार इथे चालत नाही. काही रिसीव्हरमध्ये ही लूप आतूनच दिलेली असते आणि बाहेर फेज, न्यूट्रल व स्विच केलेला फेज एवढीच टर्मिनल असतात. असा रिसीव्हर कमी व्होल्टेजच्या बॉयलरला लावताच येत नाही.

‘टक’ ऐका, मग दिशा ठरवा

शोध दोन भागांत तोडायचा. रिसीव्हरच्या आधीचा भाग रेडिओचा, नंतरचा भाग तारांचा. मधली खूण म्हणजे रिलेचा आवाज.

आमच्याकडे मी मुलीला बैठकीच्या खोलीत थर्मोस्टॅटपाशी उभं केलं आणि स्वतः रिसीव्हरला कान लावून बसलो. “बाबा, तीस केलं!” अशी हाक आली आणि काही सेकंदांत टक. “आता दहा कर.” पुन्हा टक. हे पाच-सहा वेळा, शांतपणे, दोन्ही दिशांनी करा. एखाद्या वेळी आवाज आला नाही तर ती नोंद महत्त्वाची, कारण अधूनमधून येणारा दोष असाच पकडीत येतो.

टक होतो पण बॉयलर पेटत नाही: दोष तारांच्या बाजूला. टकच होत नाही: दोष रेडिओच्या, बॅटरीच्या किंवा रिसीव्हरला मिळणाऱ्या सप्लायच्या बाजूला. बहुतेक रिसीव्हरवर हाताने चालू-बंद करायचं एक बटणही असतं. ते दाबल्यावर हीटिंग दर वेळी सुरू होत असेल, तर रिलेपासून बॉयलरपर्यंतची सगळी साखळी धड आहे. या एका बटणामुळे अर्ध्या शंका मिटतात, आणि नेमकं तेच कुणी दाबून बघत नाही.

ही चाचणी करताना तापमान खोलीपेक्षा निदान पाच अंशांनी वर न्या. यामागे कारण आहे. आजचे बरेच थर्मोस्टॅट ठरवलेल्या तापमानापर्यंत सरळ तापवत नेऊन मग बंद करत नाहीत. शेवटच्या दीड-एक अंशात ते थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं करत हळूहळू वर जातात, म्हणजे खोली जास्त तापून पुढे जात नाही. गॅस बॉयलरसाठी हे सहसा तासाला ६ वेळा, म्हणजे दहा-दहा मिनिटांचं चक्र असतं. तेलाच्या बॉयलरसाठी तासाला ३. त्यामुळे खोलीत १९.५, मागणी २० आणि बॉयलर बंद, हे दृश्य दिसलं की माणूस घाबरतो. तो दोष नसतो. पाच मिनिटं थांबा, आपोआप पेटतो. कितीतरी चांगले रिसीव्हर केवळ या गैरसमजातून बदलले गेले आहेत.

आमच्या घरचा दोष

आमच्याकडे बटण दाबलं की हीटिंग दर वेळी सुरू व्हायची. थर्मोस्टॅटवरून दिवसा केलेल्या चाचणीतही टक बरोबर यायचा. तरी आठवड्यातून दोन-तीन पहाटे घर गार. म्हणून एका पहाटे साडेपाचच्या आधीच उठून टॉर्च घेऊन बॉयलरपाशी जाऊन बसलो. रिसीव्हर पूर्ण काळोखात होता. एकही दिवा नाही. साडेपाचला जुन्या टायमरचं चाक खट्‌कन पुढे सरकलं आणि त्याच क्षणी रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

सगळा उलगडा तिथे झाला. रिसीव्हर बसवताना त्याचा फेज कायमच्या सप्लायवरून न घेता जुन्या टायमरच्या हीटिंगच्या आउटपुटवरून घेतला होता. जुना थर्मोस्टॅट तिथूनच चालायचा, ती वायर हाताशी होती, ती जोडली. हे दिवसा चालतं, कारण दिवसा टायमर चालू असतो. रात्री टायमर बंद झाला की रिसीव्हर मरतो. पहाटे सप्लाय आला की तो नव्याने जागा होतो, रिले सुटलेल्या अवस्थेत सुरू होतो आणि थर्मोस्टॅटच्या निरोपाची वाट बघत बसतो. थर्मोस्टॅट बॅटरी वाचवतो. मागणी बदलली की लगेच निरोप पाठवतो, नाहीतर काही मिनिटांच्या अंतराने तोच निरोप परत पाठवत राहतो. म्हणजे खरं तर थोडा उशीर झाला असता, एवढंच.

पण तो पुन्हा पाठवलेला निरोपही पोहोचत नव्हता, आणि हा आमचा दुसरा दोष. रिसीव्हर बॉयलरच्या पत्र्याच्या आवरणावरच स्क्रूने बसवला होता. थर्मोस्टॅट स्टँडवर, त्यामुळे तो रोज कुणीतरी थोडा इकडेतिकडे सरकवायचं. ज्या रात्री तो कपाटावर, मोठ्या आरशाच्या मागे गेला, त्या पहाटे घर गार.

मग बॅटऱ्या काढून घातल्या की का चालायचं? कारण थर्मोस्टॅट नव्याने सुरू होऊन पहिलं काम निरोप पाठवण्याचंच करतो. शिवाय बॅटरी बदलताना तो माझ्या हातात, बॉयलरपासून दोन पावलांवर असायचा. मी बॅटऱ्यांना दोष देत राहिलो आणि खरं काम केलं होतं ते अंतराने. ‘बॅटरी बदलली की चालतं’ असं कुणी सांगितलं की आता मी पहिला प्रश्न विचारतो: बॅटरी बदलताना तुम्ही उभे कुठे होता?

दुरुस्ती साधी होती. रिसीव्हरचा एल कायमच्या फेजवर नेला, टायमरच्या आधीच्या. टायमरची हीटिंगची आउटपुट वायर सोडवून तिचं टोक कनेक्टरमध्ये बंद केलं, नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलं नाही. नव्या थर्मोस्टॅटला स्वतःचं वेळापत्रक आहेच, त्यामुळे हीटिंगच्या वाटेत दुसरा टायमर नको. ज्यांना वायरिंगला हात लावायचा नाही त्यांनी जुना टायमर ‘सतत चालू’ वर ठेवला तरी परिणाम तोच. फक्त कुणी तो चुकून हलवणार नाही एवढं बघावं. मग रिसीव्हर पत्र्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर, बॉयलरपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर बसवला.

रेडिओच्या बाजूचं आणखी थोडं

युरोपातले बरेच थर्मोस्टॅट ८६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. तिथे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जवळचा धातू ती लहर अडवतो किंवा अँटेनाचा तोल बिघडवतो, म्हणून रिसीव्हर मोठ्या धातूच्या वस्तूपासून निदान ३० सेंटिमीटर आणि राउटरसारख्या दुसऱ्या रेडिओ उपकरणांपासून एक मीटर तरी लांब ठेवावा. वीट-सिमेंटची भिंत तितकी त्रास देत नाही. त्रास देतो तो धातूचा पातळ थर: चमकदार पन्नी लावलेलं इन्सुलेशन, आरसा, फ्रीज, गरम पाण्याची टाकी. कपाटाचं दार उघडं ठेवलं की चालतं आणि बंद केलं की नाही, असं होत असेल तर दाराच्या आत पन्नी आहे का बघा.

बॅटऱ्या अल्कलाइन, १.५ व्होल्टच्याच घाला. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या साधारण १.२ व्होल्टच्या असतात. पडदा त्यांच्यावर व्यवस्थित दिसतो, पण निरोप पाठवताना क्षणभर जास्त करंट लागतो तिथे त्या कमी पडतात. पडदा स्वच्छ दिसतोय म्हणून बॅटरी चांगली, असं धरू नका.

आणि संपर्क बराच वेळ तुटला तर रिसीव्हर काय करतो हे पुस्तिकेत वाचून ठेवा. काही रिले सोडून देतात. काही घर गोठू नये म्हणून थोडा वेळ चालू, बराच वेळ बंद असं स्वतःहून करत राहतात. हे दुसरं वागणं ठाऊक नसेल तर ‘बॉयलर मनाला येईल तेव्हा पेटतो’ असं वाटतं.

टक होतो, पण बॉयलर पेटत नाही

इथे मल्टिमीटर लागतो. एसी व्होल्टवर ठेवून न्यूट्रल आणि कॉम यांमध्ये मोजा. २३० च्या आसपास हवेत. नसतील तर लूप नाही किंवा फेजच येत नाही. मग मागणी चालू असताना न्यूट्रल आणि एनओ. तिथेही तेवढेच हवेत. कॉमवर आहेत, एनओवर नाहीत, आणि टक तर झाला: रिलेचा संपर्क गेला, रिसीव्हर बदला. दोन्हीकडे असतील तर रिसीव्हर निर्दोष, पुढे चला. कमी व्होल्टेजच्या बॉयलरवर हे मोजमाप लागू नाही. तिथे सप्लाय बंद करून, बॉयलरच्या बाजूने ती दोन टोकं तात्पुरती एकमेकांना जोडायची आणि सप्लाय चालू करून बॉयलर पेटतो का बघायचं.

मोजताना एक फसवणूक होते. डिजिटल मीटर फार नाजूक असतो. कुठेही न जोडलेली वायर दुसऱ्या चालू वायरला लागून लांबवर गेली असेल तर तिच्यावर मीटर ४०, ७०, कधी ९० व्होल्टही दाखवतो. हे खरे व्होल्ट नव्हेत, शेजारच्या वायरची सावली आहे. त्यांच्यावर रिले किंवा मोटर चालत नाही. अर्धवट आकडा दिसला की आधी ती वायर मध्ये कुठे तुटली आहे का हे शोधा. पण उलटा अर्थ लावू नका: कमी आकडा म्हणून हात लावायला सुरक्षित, असं मुळीच नाही.

आता जुन्या थर्मोस्टॅटची जागा. तो काढल्यावर तिथल्या वायरींचं काय केलं हे नेहमी बघा. जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटला फेज आणि स्विच केलेला फेज यांखेरीज बऱ्याचदा न्यूट्रलही असायचा, आतल्या एका छोट्या तापवणाऱ्या रेझिस्टरसाठी. त्यामुळे तो थोडा आधी बंद व्हायचा. नवा रिसीव्हर बॉयलरपाशी बसवला आणि जुनी वाट तशीच वापरली, तर भिंतीतल्या पेटीत फेज आणि स्विच केलेला फेज एकमेकांना जोडायचे, न्यूट्रल मात्र वेगळा, एकटा, कनेक्टरमध्ये बंद करायचा. तिन्ही एकत्र पिळले की सप्लाय चालू करताच फ्यूज उडतो. आणि तीन नव्हे, दोनच वायर असतील तर निळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. त्या केबलमध्ये तपकिरी वायर फेज घेऊन जाते आणि निळी वायर स्विच केलेला फेज परत आणते. नियमाने निळीच्या टोकाला तपकिरी नळी चढवायला हवी, पण ती बऱ्याचदा नसते. कुणी ती निळी म्हणून न्यूट्रलच्या गठ्ठ्यात घालतो, थर्मोस्टॅटने मागणी करताच शॉर्ट होतो, फ्यूज जातो, आणि कधी कधी त्या एका ठिणगीत रिलेचा संपर्क कायमचा चिकटतो. फ्यूज बदलला की नवीच तक्रार सुरू होते: आता हीटिंग बंदच होत नाही.

लूज कनेक्शन तर आहेच. प्रत्येक वायर सप्लाय बंद असताना हलकेच ओढून बघा. स्क्रूखाली तांब्याऐवजी प्लास्टिकचं आवरण दाबलं गेलेलं असणं, एकाच स्क्रूखाली एक जाड आणि एक बारीक वायर असणं, बारीक तारांच्या लवचीक वायरीतल्या दोन-चार तारा बाहेर राहणं, हे मी सर्वात जास्त पाहिलं आहे. असं कनेक्शन गार असताना जोडतं आणि तापलं की सोडतं. म्हणूनच दोष चालू-बंद, चालू-बंद होत राहतो.

मध्ये मोटरचा व्हॉल्व्ह असेल तर

गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांत रिसीव्हर बॉयलरला थेट सांगत नाही. ब्रिटनमध्ये ज्याला एस-प्लॅन म्हणतात त्या रचनेत हीटिंगला एक आणि गरम पाण्याला एक असे दोन व्हॉल्व्ह असतात. रिसीव्हरचा एनओ व्हॉल्व्हच्या तपकिरी वायरीला जातो. मोटर फिरते, व्हॉल्व्ह उघडतो, आणि पूर्ण उघडला की आतला छोटा स्विच करड्या वायरीवरचा कायमचा फेज नारिंगी वायरीवर देतो. ती नारिंगी वायर बॉयलर आणि पंप सुरू करते. म्हणजे टक झाल्यावर बॉयलर पेटेपर्यंत काही सेकंद जाणारच, घाई करू नका.

इथे दोन प्रकारे घात होतो. मोटर मेली तर टक होतो, एनओवर २३० व्होल्ट असतात, व्हॉल्व्ह हलत नाही. व्हॉल्व्हला कडेला लिव्हर असेल तर बोटाने हलवून बघा: व्हॉल्व्ह बंद असताना तो स्प्रिंगचा जोर लावतो, मोटरने उघडलेला असताना ढिला, मोकळा लागतो. मागणी चालू असूनही लिव्हर जोर लावत असेल तर मोटर उघडत नाहीये. दुसरा घात: आतला छोटा स्विच चिकटला तर व्हॉल्व्ह बंद झाला तरी नारिंगीवर फेज राहतो आणि बॉयलर चालूच राहतो. थर्मोस्टॅटचा यात काडीचाही दोष नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात. लक्षात ठेवा, दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी वायर एकत्र जोडलेल्या असतात. त्यामुळे नारिंगीवर फेज दिसला तर तो कोणत्या व्हॉल्व्हकडून आला, हे एकेक सोडवून बघितल्याशिवाय कळत नाही.

वाय-प्लॅन नावाच्या दुसऱ्या रचनेत एकच तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. रिसीव्हरचा एनओ तिथे पांढऱ्या वायरीला जातो, आणि करडी वायर ‘गरम पाणी नको’ हा निरोप आणते. करडी तुटली किंवा टायमर बदलताना जोडायची राहिली, तर व्हॉल्व्ह मधल्या जागी अडतो आणि नुसती हीटिंग मागितली तर बॉयलर पेटतच नाही; गरम पाणीही मागितलं तरच हीटिंग चालते.

बंदच होत नाही

हीटिंग थांबत नसेल तर आधी पाहा, खरंच थांबत नाही का. बॉयलर विझल्यावरही पंप काही मिनिटं फिरतो, आतली उष्णता काढून टाकण्यासाठी. ते ठीकच आहे. कडाक्याच्या थंडीत बॉयलर स्वतःला गोठण्यापासून वाचवायला आपणहून पेटू शकतो, तेही ठीक.

तसं नसेल तर सप्लाय बंद करून रिसीव्हरच्या कॉम आणि एनओवरच्या वायर सोडवा आणि त्या दोन टर्मिनलमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे ती आतून जोडलेली आहेत का, हे तपासा. मीटर वाजला तर संपर्क चिकटलेला, रिसीव्हर बदला. वाजला नाही तर त्या वायर सोडवलेल्याच ठेवून, टोकं कनेक्टरमध्ये झाकून सप्लाय चालू करा. बॉयलर तरीही पेटत असेल तर फेज दुसऱ्या वाटेने जातोय. थेट जोडणीच्या बॉयलरमध्ये ती वाट बहुतेक वेळा कारखान्यातूनच आलेली छोटी लिंक असते. थर्मोस्टॅटची टर्मिनल त्या लिंकने जोडूनच बॉयलर पाठवतात, आणि रिसीव्हर जोडताना ती काढायची असते. राहिली तर रिसीव्हर कितीही टकटक करो, बॉयलरला तो ऐकूच येत नाही. आणि खोली तापली की हीटिंग चालू, गार झाली की बंद असं उफराटं होत असेल तर वायर एनओऐवजी एनसीत आहे.

एक तक्रार तारांची नसतेच, तरी लिहितो, कारण ती फार वेळ खाते. थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्याच रेडिएटरवर तापमानाचा वेगळा व्हॉल्व्ह असेल आणि तो १८ वर आवळलेला असेल, थर्मोस्टॅट मात्र २१ मागत असेल, तर ती खोली २१ ला कधीच पोहोचत नाही आणि बाकीचं घर भट्टी होतं. त्या एका रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. तसंच, नवा थर्मोस्टॅट जुन्याच्या जागी भिंतीवर बसवला असेल तर त्याच्या मागचं केबलचं भोक बुजवा. त्या भोकातून भिंतीतली गार हवा थेट सेन्सरवर येते आणि तो खोली आहे त्यापेक्षा थंड समजतो.

दुरुस्ती झाल्यावर लगेच झाकण घट्ट लावून विसरू नका. निदान दोन रात्री जाऊ द्या, कारण आमच्यासारखे दोष रात्रीच घडतात. थर्मोस्टॅट घरात जिथे जिथे ठेवला जातो त्या प्रत्येक जागेवरून एकदा टक ऐका. आमच्या रिसीव्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक चिकटवलेला कागद आहे. त्यावर पाचही टर्मिनल, प्रत्येकात गेलेल्या वायरीचा रंग आणि ती कुठून आली हे लिहिलंय. एल समोर ‘कायमचा फेज, टायमरच्या आधीचा’ असं लाल पेनाने, आणि खाली थर्मोस्टॅटच्या स्टँडची जागा: दिवाणाशेजारचं टेबल, आरशाच्या या बाजूला.